बांध, खाजण आणि सडा

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो 1981 साली, महाराष्ट्र दिनाला. पुढं सोळा वर्षांनी, 1997 त, तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आणि 1998 च्या 26 जानेवारीला कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावायला लागली. ह्या दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या आणि आमच्या मालवण तालुक्यात जिकडे तिकडे पाट्या उभ्या राहिल्या. तिठ्यावर पाटी, साकवाजवळ पाटी. ‘निसर्गरम्य किनारा’, ‘निसर्गरम्य तलाव’, ‘कांदळवन सफर’. ज्या वाटेनं आम्ही जन्मभर डोक्यावर भारा घेऊन आलो-गेलो, तिच्या तोंडाशी आता बाण काढलेला असतो.

पाट्यांबद्दल माझी तक्रार नाही. चार घरांत चार पैसे आले, मुंबईला गेलेला एखादा झील परत येऊन होडी चालवू लागला, हे मी डोळ्यांनी बघतो. माझं म्हणणं ‘निसर्ग’ ह्या शब्दाबद्दल आहे. समुद्र देवानं केला हे कबूल. पण त्याच्या काठानं जे जे आज बघायला म्हणून दाखवतात, त्यातलं बरंचसं कोणी तरी लावलेलं, बांधलेलं किंवा निदान राखलेलं आहे. ते कोणी राखलं, कसं राखलं आणि राखणं कधी थांबलं, हा इतिहास पाटीवर येत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण बांध घालण्यात आणि बांध फुटलेला बघण्यात वय गेलं, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

आमच्या वाडीतल्या एका काकीला मुंबईकडच्या एका मुलानं एकदा विचारलं होतं, “आजी, इथे बघायला काय आहे?” काकी खळं सारवत होती. ती मान वर न करता म्हणाली, “बघूक काय आसा झिला हय? सगळा कामच आसा.” तो हसला. मला मात्र वाटतं, तिनं बरोबर उत्तर दिलं होतं.

किनाऱ्यापासूनच सुरुवात करतो. तारकर्लीला जा नाही तर शिरोड्याला वेळागरावर जा, पहिला फोटो निघतो तो सुरुच्या बनात. वारा सुटला की त्याचा आवाज समुद्रासारखाच येतो, हे खरं. पण सुरु आमचा नव्हे. तो मूळचा ऑस्ट्रेलिया आणि तिकडच्या बेटांकडचा. वाळू उडू नये, वारा अडावा म्हणून वनखात्यानं तो कोकणच्या पुळणीवर लावला. त्याच्याआधी किनाऱ्याला होता तो केवडा, उंडी, करंज, आणि वाळूवर पसरणारी मर्यादवेल. नावच बघा, मर्यादवेल. समुद्रानं इथवर यायचं, पुढे नाही. तिच्या मुळ्यांनी वाळू धरून ठेवायची, तिच्या मागं केवड्याचं कुंपण, त्याच्या मागं उंडी, आणि मग माडाची बाग न् घर. उंडीच्या बियांचं कडू तेल दिव्याला जायचं. आता मर्यादवेल ‘कचरा’ म्हणून उपटतात, कारण स्वच्छ पांढरी वाळू फोटोत बरी दिसते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्याच्या किती झाडांनी माना टाकल्या ते सगळ्यांनी बघितलंच आहे.

धामापूरचा तलाव ही तर माझ्या म्हणण्याची सरळ साक्षच. माणसं येतात, पाण्यात पडलेली डोंगराची सावली बघतात, भगवती देवीच्या पायऱ्यांवर बसतात आणि म्हणतात, काय निसर्ग आहे! अहो, तो तलाव माणसांनी बांधलेला आहे. 1530 सालचा. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांच्या काळात गावकऱ्यांनी तो घातला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी, आणि मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली 1664 त, तिच्याही कितीतरी आधी. दोन डोंगरांच्या मधल्या बेचक्यात मातीचा बांध घातला आणि वरून येणारं पाणी अडवलं. एवढंच. त्यात आज कुणाला आश्चर्य वाटणार नाही, कारण आज माती उचलायला यंत्र आहे. पण ज्यानं पाटीनं माती वाहिली आहे त्याला विचारा. माती नुसती टाकून बांध होत नाही. थर द्यायचा, भिजवायची, चोपायची, पुन्हा थर. एक चूक राहिली की खेकडा तिथं बीळ करतो, आणि पाणी त्या बिळातून बोटाएवढं सुरू होऊन सकाळपर्यंत दार उघडतं. आमच्या चार गुंठ्यांच्या मळ्याचा बांध दरसाल नव्यानं सावरावा लागतो. आणि धामापूरचा बांध पाचशे वर्षांच्या जवळ येऊन उभा आहे. म्हणजे दर पिढीत कोणी तरी त्याच्यावर लक्ष ठेवून होतं. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानं 2020 साली ह्या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. निसर्गाचा वारसा नव्हे, सिंचनाचा. बाहेरच्या लोकांना ते कळलं. खालच्या अंगाचं भात, माड, पोफळी ह्या पाण्यावर उभी राहिली, तळ्यातला गाळ, सांडवा, पाट हे सगळं शेतीच्या हिशेबात होतं.

त्या तळ्याची गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. लग्नकार्याला दागिने नसले की परडीत फुलं घालून तळ्यात सोडायची, देवी परडीतून दागिने द्यायची. कार्य झालं की परत करायचे. पुढं कोणी एकानं ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून देणं बंद झालं. शिकलेली माणसं ही गोष्ट ऐकून हसतात किंवा तिचा फोटोखाली मजकूर करतात. मला ती तळ्याच्या कारभाराची गोष्ट वाटते. पाणी सगळ्यांचं, गरजेला घ्या, पण घेतलेलं पुन्हा तळ्याला द्या. पावसाळ्याआधी गाळ काढायला माणूस द्या, सांडव्यातलं गवत काढा. देवीच्या नावानं सांगितलं म्हणून लोकांनी ऐकलं.

आता खाडीकडे येऊ. इथं माझं थोडं जास्त बोलणं होईल, कारण आमचं खाजण तिथं गेलं आहे.

भरतीचं खारं पाणी जिथवर चढतं ती खाडीकाठची चिखलाची जमीन म्हणजे खाजण. तिच्यात भात पिकवायचं तर आधी समुद्राला दार लावावं लागतं. आमच्या बापजाद्यांनी ते लावलं. चिखल-मातीचा लांबच लांब बांध, भरतीच्या अंगाला जांभ्या दगडाची रचाई, आणि एका जागी उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दार आपणहून मिटतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला बाहेर ढकलून वाट काढतं. वीज नाही, यंत्र नाही, रखवालदार नाही. फळी मात्र चांगल्या लाकडाची हवी आणि तिच्यात काटकी अडकलेली नको. पहिल्या पावसानं मीठ धुऊन जायचं, मग पेरणी. भात जाडं, तांदूळ तांबडा, पण पेजेला त्याच्यासारखी चव नाही. शेणखत लागत नसे. खाडीचा गाळच खत.

शिमगा झाला की घरटी एक माणूस बांधावर जायचा. जो येणार नाही त्यानं बदली माणूस द्यायचा. आणि एक नियम कडक होता: बांधाच्या बाहेरच्या अंगाचं कांदळ तोडायचं नाही. चुलीला वाळकी फाटी घ्या, गुरांना तिवराचा पाला घाला, पण पाण्याकडची ओळ उभी ठेवा. कारण भरतीची लाट आधी त्या मुळ्यांवर फुटते, बांधावर नाही. हे कुणी शास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं. ज्या साली कोणी ती ओळ तोडली त्या साली बांध फुटला, असं जुने लोक बोट दाखवून सांगत.

1948 त मुंबई सरकारनं खार जमिनींचा कायदा केला, बंधाऱ्यांसाठी मंडळ आलं. पुढे 1979 त महाराष्ट्राचा खारभूमी विकासाचा कायदा झाला. हेतू चांगलाच होता, काही ठिकाणी पक्के बंधारे झालेही. पण गावातल्या माणसाच्या मनात एक गोष्ट बसली. माझा बापूस शिमग्यानंतर माणसं गोळा करायला वाडीत फिरे तेव्हा उत्तर यायला लागलं, “दादानू, आता बांध सरकारचो. सरकार बघतला.” वर मुंबईची गिरणी होतीच. हात कमी झाले. मनिऑर्डर आली पण मनिऑर्डरीला फावडं धरता येत नाही. आमच्या खाजणाचा बांध 1980 नंतरच्या दहा वर्षांत दोनदा फुटला, पहिल्यांदा बांधला, दुसऱ्यांदा तसाच राहिला. भरती आत आली. तीन-चार वर्षं तिथं नुसता चिखल आणि कुर्ल्या. मग चिपी आली, मग तिवर, मग कांदळ. आज तिथं दाट बन आहे, बगळे येतात, खंड्या येतो, परवा एकानं मला कोल्हाही दाखवला.

2005 साली उच्च न्यायालयानं महाराष्ट्रातलं कांदळवन तोडायला बंदी घातली. चांगलं केलं, नाही तर मुंबईसारखं इथंही भराव पडले असते. पण परिणाम असा, की सातबाऱ्यावर जमीन भाताची आणि उभं आहे वन. मी माझ्याच शेतात कोयता लावू शकत नाही. आता तिथून होडी जाते. होडीवाला मुलगा पाहुण्यांना सांगतो, हे हजारो वर्षांचं जंगल. एकदा मी काठावर उभा होतो. त्याला हाक मारून म्हटलं, “अरे, हजार खयचे? हय माझ्या आयेन भात लावलेला आसा.” होडीतली माणसं थांबली. मग अर्धा तास मी त्यांना उघाडी कुठं होती ते दाखवत होतो. चिखलातून तिच्या चौकटीचे दोन दगड अजून ओहोटीला दिसतात. त्यातल्या एका बाईनं ते दगड जितक्या बारकाईनं बघितले तितके बगळे नव्हते बघितले. तेव्हापासून तो मुलगा होडी तिथं थांबवतो.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटानं स्वतः वल्ही हातात घेऊन कांदळवन दाखवायला सुरुवात केली, हे मला फार पसंत पडलं. त्याच बायका त्याच खाडीत कालवं काढत होत्या, तिसऱ्या काढत होत्या. कुठल्या झाडाखाली काय मिळतं हे त्यांना पाठ. जिचे पाय चिखलात रुतले आहेत तीच चिखल दाखवू शकते.

कासवांचं उलट आहे. तिथं राखणं नव्हतं आणि ते नव्यानं सुरू झालं. मी लहान असताना थंडीत वाळूवर कासवाच्या सरपटण्याचा माग दिसला की माणसं काठी खुपसत जात. काठी मऊ लागली की तिथं अंडी. एका खड्ड्यात शंभरच्या आसपास. पाटी भरून बाजारात. त्यात पाप वाटत नसे, मासळीसारखंच ते. 1972 चा वन्यजीव कायदा झाला तरी आमच्या किनाऱ्यावर त्याची वार्ता यायला पुष्कळ वर्षं गेली. फरक पडला तो 2002 च्या सुमारास, रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात ठेवून राखायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, ती समुद्रात सोडायची. ते बघायला माणसं यायला लागली, घराघरांत राहायला लागली. मग आमच्याकडे वायंगणीलाही लोक राखणीला उभे राहिले. जो पूर्वी काठी खुपसत होता त्यालाच माग ओळखता येतो, म्हणून राखणीलाही तोच कामाचा.

समुद्राच्या पोटातलं मी जास्त सांगू शकत नाही, मी शेतकरी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 साली सागरी अभयारण्य झाला. तिथं प्रवाळ आहे, ते बघायला आता पोरं पाठीवर हवेची टाकी बांधून माणसांना खाली नेतात. किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंना खारं पाणी असताना. अभयारण्याला मच्छीमारांनी विरोध केला, अजून करतात. बाहेरच्यांना वाटतं ह्यांना निसर्गाची कदर नाही. पण पावसाळ्यात होडी वर ओढून, नारळी पुनवेला समुद्राला नारळ देईपर्यंत जाळं न टाकणारे हेच रापणकर. माशाला अंडी घालायला वेळ द्यायची ती रीत कागदावर येण्याआधीची. मोठ्या यांत्रिक बोटी आल्या त्यांनी ती मोडली. रापण ओढताना गादा म्हणजे डॉल्फिन जवळ आला तर जुने लोक खूश होत, कारण तो असला म्हणजे मासळी आहे. आज त्याला बघायला तिकीट आहे.

आणि सडा. ह्याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर मी कागद घेतला.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये आमच्याकडे उंचावर सपाट माळ असतात, जांभ्या दगडाचे. त्याला सडा म्हणतात. आठ महिने काळा, तापलेला, अनवाणी पाय ठेवता येत नाही असा. सरकारी कागदात पोटखराबा. पण पाऊस पडला की खळग्या-खळग्यांत पाणी साठतं, आणि श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात, दीपकाडी येते, तेरडा येतो. आता ते बघायलाही गाड्या येतात. हा मात्र अगदी निसर्ग, असं तुम्ही म्हणाल. थोडं थांबा. त्या सड्यावर गुरं चरत होती, दिवाळीनंतर गवत कापलं जात होतं, म्हणून ती फुलं होती. जिथं गुरं गेली तिथं उंच गवतानं आणि झुडपांनी फुलांना गिळलं, हे मी आमच्याच गावात बघतो. कातळाच्या खोलगटात खालून माती वाहून आणून आमच्या लोकांनी वाफे केले, भोवती गडगा घातला आणि भात लावलं. हातभर मातीत भात! बाहेरच्या माणसाला ते वाफे नैसर्गिक तळी वाटतात.

त्याहून जुने हातही तिथं आहेत. आमच्या तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळात चित्रं खोदलेली आहेत. माणसं, प्राणी, आकृत्या. गावकऱ्यांना ती ठाऊक होती, कोणी बाहुल्या म्हणत, कोणी पांडवांवर ढकलत. अभ्यासकांनी रत्नागिरी-राजापुरापासून गोव्यापर्यंत अशी पुष्कळ कातळशिल्पं नोंदवली आणि 2022 त कुडोपीसह कोकणातल्या आठ आणि गोव्यातल्या एका जागेचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलं. ज्यांनी ती खोदली ते शेतकरी होते की शिकारी, ते शास्त्रज्ञ ठरवोत. पण त्या काळापासून माणूस सड्यावर वावरतो आहे एवढं तर दगडच सांगतो. मग तो पोटखराबा कसा?

सड्याचं मोठं काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. जांभा दगड भोकाभोकांचा. इथं तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यातला बराच तो पिऊन घेतो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी आडवं चालतं आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर येतं. आमच्या वाडीच्या तिन्ही विहिरी सड्याच्या पायथ्याशी ओळीनं आहेत, ते उगाच नाही. एप्रिलात पोफळी हिरव्या दिसतात त्या गेल्या आषाढाच्या पाण्यावर. शेजारच्या गावात सड्यावर चिरेखाण झाली. पूर्वी चिरा कुऱ्हाडीनं घडवायचे, घराला लागेल तेवढा. आता यंत्राच्या पात्यानं दिवसाला ट्रक भरतात. खाण खाली खाली गेली आणि पायथ्याची बारमाही विहीर मार्चमध्ये तळाला जायला लागली. खाण गावच्याच लोकांची, त्यामुळे कोणी मोठ्यानं बोलत नाही.

आमच्या सड्याला खाण नाही, त्याला दृश्य आहे. वरून समुद्र दिसतो, आणि म्हणून त्याला भाव आला. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर सत्तेचाळीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत न् चार-पाच मेलेली. पणज्यानं सडा सामाईक ठेवला तो आळसानं नव्हे. गवत सगळ्यांचं, पाणी सगळ्यांचं, म्हणून वाटणी नको, असं आजो सांगायचा. आता मुंबईचे भाऊबंद आपला हिस्सा देऊन बसले आहेत. त्यांच्यावर मी रागावत नाही. एकाला मुलीचं लग्न, एकाला दवाखाना. घेणाऱ्याचा माणूस माझ्याकडे दोनदा आला. गोड बोलतो, काका काका करतो. कागदावर वाफ्यांच्या जागी पोहण्याचा तलाव आखला होता. मी त्याला विचारलं, “पाणी कुठनं आणणार?” तो म्हणाला, “बोअर मारू ना काका, पाचशे फूट.” मी त्याला खाली तिन्ही विहिरींवर नेलं. कळशीनं पाणी काढून प्यायला दिलं. गोड आहे म्हणाला.

सही मी केलेली नाही. आणखी सात जणांनी केलेली नाही, त्यात दोन विधवा बायका आहेत ज्यांची गुरं अजून सड्यावर जातात. ग्रामसभेत मी विहिरींचा विषय मांडला. कातळावर आमच्याकडेही दोन जागी खोदलेल्या रेघा आहेत, त्या अभ्यासकांनी येऊन बघाव्यात म्हणून अर्ज दिला आहे. वाटपाची मोजणी कार्तिकात लागली आहे. त्याच्याआधी गवत तयार होईल. ह्या खेपेला कापणीला मुंबईच्या भावांनाही बोलावलं आहे, घरटी एक माणूस, नाही तर बदली. तिघांनी येतो म्हणून कळवलं आहे.